अगामा अगामा : क्षेत्रनोंदी आणि रूपभेद

अगामा अगामा. ॲगॅमिडी कुलातील आफ्रिकी सरडा. नराचे डोके व मान शेंदरी, धड गर्द निळे आणि शेपटी पट्ट्यापट्ट्यांची. म्हणून त्याला इंद्रधनुषी सरडा किंवा लालडोक्या सरडा असेही म्हणतात. ‘अगामा’ दिसायला संस्कृत वाटला, तरी आगमशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही. पश्चिम आफ्रिकेतील एवे भाषेत हा शब्द रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनसाठी वापरतात.

पूर्ण वाढलेला नर शेपटीसह साधारण 25 ते 30 सेंमी. भरतो, मादी त्याहून लहान असते. हा दिवसाचा प्राणी. नायजेरिया, कॅमेरून या भागांत घराची भिंत, पत्र्याचे छप्पर, बागेचे कुंपण अशा कोणत्याही उंच जागी तो ऊन खात बसलेला आढळतो. मुंग्या व इतर कीटक हे मुख्य खाद्य, पण गवत, फळे आणि माणसांनी टाकलेले उष्टे-खरकटेही त्याला चालते. एका टापूत एक प्रबळ नर, त्याच्याभोवती अनेक माद्या आणि दबून राहणारे काही दुय्यम नर, अशी त्याची वस्ती असते. दुसरा नर दिसला की तो पुढचे पाय ताठ करून डोके वरखाली हलवतो. इग्बो भाषेतल्या एका म्हणीत उंच इरोको झाडावरून उडी मारलेला सरडा म्हणतो, कुणी कौतुक केले नाही तर मी स्वतःच करून घेईन. मान डोलावणारा हा नर समोर पाहिला की ती म्हण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

रंग हीच या सरड्याची ओळख आणि नोंद करणाऱ्याची पहिली अडचणही तीच. भडक रंग प्रबळ नराचा, तोही ऊन घेऊन अंग तापल्यावरचा. पहाटे, रात्री, घाबरल्यावर किंवा झुंजीत हरल्यावर तोच नर मातकट तपकिरी होतो. दुय्यम नर आणि पिल्ले माद्यांसारखी दिसतात. मादीच्या तपकिरी अंगावर डोक्याशी हिरवे ठिपके आणि कुशीला पिवळसर-नारिंगी डाग असतात. पकडलेला सरडा हातात येईतो फिका पडलेला असतो, आणि मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यातून उरलासुरला रंगही निघून जातो. त्यामुळे संग्रहालयातल्या बाटलीपेक्षा, पकडण्याआधी वहीत खरडलेली ओळ अनेकदा जास्त मोलाची ठरते: गळा लाल होता की निळा, शेपटीच्या मुळाशी आणि मध्यावर कोणता रंग होता, टोक काळे होते का, वेळ कोणती, ऊन होते की ढग. शेपटीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. झुंजीत किंवा शिकाऱ्याच्या तावडीत ती तुटते आणि पुन्हा वाढते तेव्हा टोकाशी कधी कधी गदेसारखी जाड होते. अशा नराच्या शेपटीच्या रंगावरून जात ठरवणे धोक्याचे.

नावाचा घोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे. जीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये ‘लॅसर्टा अगामा’ हे नाव दिले, पण प्राण्याचे वसतिस्थान अमेरिका असे लिहिले. त्याने ज्या नमुन्यांवर आणि चित्रांवर भिस्त ठेवली ते सगळे एका जातीचे नव्हते. तरीही पुढे सेनेगलपासून केनियापर्यंतचे बहुतेक लालडोके सरडे याच नावाखाली जमा होत गेले. फरक दिसला की उपजात पाडायची आणि पुढे जायचे. अखेर 2009 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी कॅमेरूनमधील एक नमुना नवप्ररूप (नाव कोणत्या प्राण्याचे, हे ठरवणारा नव्याने निवडलेला अधिकृत नमुना) म्हणून निश्चित केला आणि ‘खरा’ अगामा अगामा म्हणजे कोणता, याला जमिनीवरचा आधार मिळाला.

डीएनएच्या तुलनेनंतर जुनी एकच जात म्हणजे अनेक जातींचा समूह असल्याचे दिसले. पूर्व आफ्रिकेतला, 1896 मध्ये बूलांजेने वर्णन केलेला अगामा लायोनोटस आता स्वतंत्र जात आहे. पीटर्सने 1877 मध्ये नाव दिलेला अगामा पिक्टिकॉडा पश्चिम आफ्रिकेतला. अगामा फिंची ही जात 2005 मध्ये पश्चिम केनियातून वर्णिली गेली. लाल-निळ्या जोडीमुळे स्पायडरमॅन म्हणून प्रसिद्ध झालेला टांझानिया-केनियाकडचा अगामा म्वांझी मात्र लव्हरिजने 1923 सालीच वेगळा ओळखला होता. समाजमाध्यमांवर त्याची छायाचित्रे आजही सर्रास अगामा अगामा म्हणून फिरतात.

याचा परिणाम जुन्या नोंदींवर होतो. ‘अगामा अगामा, गोल्ड कोस्ट’ अशी नमुन्यावरची चिठ्ठी वाचताना देशाचे जुने नाव बदलून गोल्ड कोस्टचे घाना करणे सोपे, डाहोमीचे बेनिन आणि अपर व्होल्टाचे बुर्किना फासो करणेही सोपे. जातीचे नाव तसे आपोआप बदलून चालत नाही, त्यासाठी नमुना किंवा निदान चांगले छायाचित्र लागते. फ्लोरिडाचे उदाहरण बोलके आहे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेले हे सरडे 1976 पासून मायामीत नोंदले गेले, तेही अगामा अगामा म्हणूनच. ते पिक्टिकॉडा असल्याची जनुकीय खात्री 2016 मध्ये झाली.

प्रयोगशाळेतल्या नोंदींनाही हेच लागू पडते. सरपटणाऱ्या प्राण्यांत अंड्याच्या तापमानावर पिल्लाचे लिंग ठरू शकते, हे सर्वप्रथम 1966 मध्ये सेनेगलमधील डाकार येथे मादलेन शार्निए यांनी दाखवले, ते याच गटातल्या सरड्यावर. 26–27 अंश सेल्सिअसला उबवलेल्या अंड्यांतून जवळपास सगळ्या माद्या निघाल्या, 29 अंशांना जवळपास सगळे नर. दोन-तीन अंशांचा फरक, पण त्यावर पुढे कासवे, मगरी यांच्या अभ्यासाची एक शाखाच उभी राहिली. निबंधात जातीचे नाव अगामा अगामा असे आहे. प्रयोगाचे महत्त्व त्याने कमी होत नाही, मात्र तो आकडा कॅमेरूनमधल्या ‘खऱ्या’ अगामा अगामाला जसाच्या तसा लावणे बरोबर नाही.

आपल्याकडचा बागेतला सरडा याच कुलातला. विणीच्या हंगामात त्याच्याही नराचे डोके-गळा लाल होतो. एकाच नावाखाली दडलेले वैविध्य आपल्याकडेही निघाले: पंखासारखा रंगीत गळा फुलवणाऱ्या सरड्यांमधून 2016 मध्ये एक नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) वेगळी काढली गेली आणि तिला नाव दिले गेले ते थेट मराठीतून, ‘सरडा’.