गुडघ्याची वाटी दुखते: टेंडन की वाटीमागचा सांधा?

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या चढावर पळणारा आणि शाळेच्या मैदानात व्हॉलीबॉल खेळणारा, दोघंही फिजिओला एकच सांगतात: "वाटी दुखते." दुखणी मात्र दोन असू शकतात, आणि उपचारही निराळे.

आधी एका बोटाने दुखरी जागा दाखवा. बोट नेमकं वाटीच्या खालच्या टोकावर टेकलं, तर संशय पटेलर टेंडनवर. वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा हा जाड पट्टा. बोटाऐवजी अख्खा पंजा वाटीवर फिरवून "आत कुठेतरी" म्हणालात, तर बहुधा वाटीमागचा, म्हणजे पटेलोफिमोरल सांधा.

टेंडन उड्यांनी आणि झटक्यांनी दुखावतं. ते फसवंही असतं: सुरुवातीला ठणकतं, अंग तापलं की गप्प बसतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना हिशोब चुकता करतं. वाटीमागचं दुखणं ठाणे स्टेशनचा पूल उतरताना, उकिडवं बसताना किंवा तासभर गुडघे मुडपून बसून उठताना जाणवतं. एमआरआयवर फार विसंबू नका. काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या टेंडनमध्येही बदल दिसतात.

टेंडनला पूर्ण विश्रांती मानवत नाही. पंधरा दिवस झोपून काढले की दुखणं थांबतं, पण भार पेलायची ताकदही घटते आणि पहिल्याच सामन्यात पाढे पंचावन्न. त्याऐवजी उड्या बंद करून जिममधल्या लेग एक्स्टेंशन मशीनवर (बसून नडगीने वजन वर उचलायचं मशीन) गुडघा अर्धवट वाकवून ४५ सेकंद वजन धरून ठेवा. असं ५ वेळा, मध्ये २ मिनिटं थांबून. मग दिवसाआड लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं) आणि स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), ४ सेट, ३ सेकंदांत वर, ३ सेकंदांत खाली. सुरुवातीचं वजन असं, की १५ वेळा जेमतेम उचलता येईल. १२ आठवड्यांत ते जेमतेम ६ वेळा उचलता येईल इतकं वाढवत न्या. व्यायामात १० पैकी ३ इतकं दुखलं तर चालेल, पण २४ तासांत ते पूर्ववत व्हायला हवं. नाही झालं तर वजन उतरवा. उड्या सगळ्यात शेवटी. एकूण ३ ते ६ महिने धरा, जुनं दुखणं असेल तर आणखी. स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र इथे टाळाच: काही आठवडे बरं वाटतं, पण टेंडन कमकुवत होऊन तुटायचा धोका असतो.

वाटीमागच्या दुखण्यात भर मांडीच्या पुढच्या आणि कमरेच्या बाजूच्या स्नायूंवर. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, अर्धेच स्क्वॉट. टेपिंगने, म्हणजे वाटीभोवती चिकटपट्टी लावून, तात्पुरता आराम पडतो. पळणाऱ्यांनी पावलं आखूड टाकावीत आणि येऊरचा उतार काही दिवस चालतच उतरावा. ६ ते १२ आठवड्यांत बहुतेकांना चांगला फरक पडतो.

उडी मारताना 'फट्' झालं, वाटी वर सरकली आणि उताणं झोपून सरळ पाय उचलताच येत नसेल, तर प्रकरण या दोन्हींपलीकडचं आहे: टेंडन तुटलं असावं. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. ही शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी असते. पुढे मांडीचा स्नायू आखडतो आणि तुटलेली टोकं जुळवणं अवघड होऊन बसतं.