जड वजनं उचलली की प्रतिकारशक्ती खरंच झोपते?

‘आज जबर स्क्वॉट्स मारलेस, आता सर्दी धरणारच,’ हे जिममध्ये अजून ऐकू येतं. या समजाचं मूळ रक्ततपासणीत आहे. व्यायाम करताना रक्तातल्या लिम्फोसाइट (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी झपाट्याने वाढतात; थांबल्यावर एक-दोन तासांत मूळ पातळीच्याही खाली जातात. म्हणजे शरीर उघडं पडलं, असा अर्थ लावला गेला. पण त्यातल्या बहुतेक पेशी मरत नाहीत, फुप्फुसं, आतडी अशा ठिकाणी गस्तीला जातात. चौकीत पोलीस दिसले नाहीत म्हणून ते संपावर आहेत, असं थोडंच असतं! २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने पुरावे तपासून हेच मांडलं. आणि मॅरेथॉननंतर धावपटूंना होते म्हणतात ती गाजलेली ‘सर्दी’? बऱ्याचदा धावपटूंनी नुसती सांगितलेली, प्रयोगशाळेत कुणी तपासलेलीच नाही.