'हायस्कूल' कुठं संपतं? शाळेच्या आठवणींवरच्या मालिकांची पार्श्वभूमी

मोठं झालेलं माणूस आपल्या शाळेच्या दिवसांकडे वळून पाहतं, हसतं, मधेच गप्प होतं, अशी मालिका आज ओळखीची झाली आहे. हा प्रकार अमेरिकन टीव्हीनं रुळवला. 'हॅपी डेज' १९७४ ते १९८४ चालली आणि तिनं पन्नासच्या दशकातलं मिलवॉकी उभं केलं. पण आज आपण ज्याला स्मरणरंजन म्हणतो, त्याचा सूर लागला तो 'द वंडर इयर्स'मध्ये. ३१ जानेवारी १९८८ ला तिचा पहिला भाग दिसला. काळ १९६८ चा, नायक बारा वर्षांचा, आणि गोष्ट सांगणारा आवाज त्याचाच, पण मोठेपणीचा. मागे रेकॉर्ड केलेलं हसू नाही. पहिल्या हंगामात जेमतेम सहा भाग झाले होते, तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार तिला मिळाला. ती ११५ भाग चालली.

वीस वर्षांचं हे अंतर पुढेही टिकलं. १९९८ साली सत्तरच्या दशकावर मालिका आली, १९९९ साली 'फ्रीक्स अँड गीक्स'नं १९८० मधलं मिशिगन दाखवलं, २०१९ ची 'पेन१५' सन २००० मध्ये गेली. लिहिणारी मंडळी पस्तिशी-चाळिशीला आली की त्यांची दहावी-बारावी पडद्यावर येते. आपल्याकडे २०१८ ची 'ये मेरी फॅमिली' १९९८ च्या उन्हाळ्यातल्या जयपुरात घडते, तेही याच हिशेबानं.

ठाण्यात आम्ही हे सगळं केबलवर पाहिलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नौपाड्यात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायर टाकून केबलवाले घरोघरी पोचले. दूरदर्शनवर 'गोट्या' पाहिलेली मुलं एकदम अमेरिकन उपनगरातल्या मुलाची कथा पाहू लागली. इंग्रजी अर्धंच कळायचं. पण मोठ्या भावाची दादागिरी आणि शेजारच्या मुलीशी बोलताना घशाला पडणारी कोरड समजायला भाषा लागत नव्हती. मग १९९८ मध्ये 'हिप हिप हुर्रे' ही हिंदी मालिका आली. ती स्मरणरंजन नव्हती, त्याच काळातल्या मुलांची होती. तिच्यावर आठवणींची साय आता चढली आहे, आम्ही चाळिशीत आल्यावर. त्या वेळी मात्र आमच्या वर्गात पहिला प्रश्न निघाला तो असा : ही मुलं बारावीत आहेत, मग गणवेश कसा काय घालतात?

प्रश्न भाबडा वाटेल, पण या सगळ्या विषयाची गाठ तिथंच आहे. 'हायस्कूल' हा शब्द आपण आणि अमेरिकन लोक दोघंही वापरतो, पण अर्थ वेगळे आहेत. तिकडे हायस्कूल म्हणजे साधारणपणे नववी ते बारावी, वय चौदा ते अठरा. आपल्याकडे चौथी झाली की मूल 'हायस्कूलला गेलं' म्हणायचे आणि दहावी झाली की ते संपायचं. 'द वंडर इयर्स'चा नायक तर सुरुवातीला हायस्कूलमध्येही नाही, तो सातवीत, म्हणजे 'ज्युनिअर हाय'मध्ये आहे. त्यांचं 'ज्युनिअर' हायस्कूलच्या आधी येतं, आपलं 'ज्युनिअर' कॉलेजला लागतं. शब्द तेच, पण मधे दोन-चार वर्षांची दरी.

ही दरी एका निर्णयातून आली आहे. महाराष्ट्रात आधी शाळा अकरावीपर्यंत होती आणि एसएससी अकरावीला व्हायची. १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली. प्रश्न होता मधल्या दोन वर्षांचा. ती शाळेत असावीत की कॉलेजात? ज्या आयोगाच्या अहवालातून हा आकृतिबंध आला, त्याचा कल ही वर्षं शाळेकडे देण्याचा होता. इथं दोन्ही वाटा खुल्या राहिल्या, पण प्रतिष्ठा गेली ती 'ज्युनिअर कॉलेज' या नावाकडे. शाळेच्याच इमारतीत, त्याच बाकांवर भरणाऱ्या अकरावीलाही लोक कॉलेजच म्हणू लागले. निर्णयाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की सोळाव्या वर्षी मुलांना मोकळीक मिळाली, लायब्ररी आणि प्रयोगशाळा मिळाल्या. ते खरंच आहे. पण माझ्या मते यात एक मोठी गोष्ट हरवली. बालपण आणि तारुण्य एकाच इमारतीत, त्याच मित्रांसोबत घडायला हवं होतं, ते मधोमध तुटलं. पाचवीपासून एका बाकावर बसलेले दोघं पंधराव्या वर्षी वेगळे होतात. एक ठाण्यातच बेडेकर कॉलेजला जातो, दुसरा मुलुंडची लोकल पकडतो. २००९ पासून मुंबई विभागात ऑनलाइन प्रवेश आले आणि कोण कुठं जाणार हे टक्केच ठरवू लागले.

मराठी गोष्टींवर याचा परिणाम स्वच्छ दिसतो. आपल्याकडे एक तर शाळेची गोष्ट असते, नाहीतर कॉलेजची. शाळेची गोष्ट निरोप समारंभाला थांबते आणि दहावीचं वर्ष तर परीक्षाच गिळून टाकते. कॉलेजची गोष्ट सुरू होते तेव्हा सगळे मित्र नवे असतात. तेरा ते अठरा हा सलग प्रवास मराठी टीव्हीवर जवळजवळ आलाच नाही.

त्यात दैनंदिन मालिकांचं गणित आडवं येतं. घोडबंदर रोडच्या सेटवर आठवड्याचे सहा भाग काढायचे असतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त बोलावता येत नाही. हे नियम योग्यच आहेत, पण चाळीस मुलांचा वर्ग रोज उभा करायला कोण धजेल? शिवाय मुलं वाढतात, आवाज फुटतो, आणि मग लेखक 'लीप' घेऊन, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेऊन मोकळा होतो. म्हणूनच शाळेच्या मालिका अखेर यूट्यूबवर आल्या, आठवड्याला एक भाग अशा संथ चालीनं. 'आठवी-अ' २०२४ मध्ये आली, नंतर 'दहावी-अ'. नावातली ती 'अ' तुकडी पाहिली की आपल्या पिढीला पुढचं काही समजावावं लागत नाही.

एक खंत मात्र आहे. २०१८ ते २०२२ या काळातली 'डेरी गर्ल्स' ही ब्रिटिश मालिका उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारात शिकणाऱ्या मुलींची आहे. पुलावर बॉम्ब सापडलाय आणि शाळेला उशीर होतोय, हाच तिथला विनोद. आमच्या पिढीनं सहामाही दिली आणि महिन्या-दोन महिन्यांत डिसेंबर १९९२ आला, जानेवारीच्या दंगली आल्या, १२ मार्च १९९३ चे स्फोट आले. संध्याकाळी वडिलांची लोकल वेळेवर येईल ना, म्हणून स्टेशनच्या दिशेनं डोळे लावून बसलेली आई आम्हाला आठवते. आपल्या आठवणींच्या मालिकांत मात्र चिंचा, पेप्सीकोला आणि पहिलं प्रेम एवढंच उरतं.

आता हायस्कूलचा अर्थ पुन्हा बदलतो आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा एकच चार वर्षांचा टप्पा धरला आहे. नेरूळ-खारघरच्या सीबीएसई शाळांत बारावीची मुलं आधीपासूनच गणवेशात असतात. खाडीच्या अलीकडे, ठाण्यात, स्टेट बोर्डाची कितीतरी मुलं कॉलेजच्या पटावर फक्त नावापुरती असतात आणि सकाळी सातपासून 'इंटिग्रेटेड' क्लासमध्ये, म्हणजे कॉलेजशी संधान बांधलेल्या खासगी शिकवणीत बसतात. त्यांची अकरावी-बारावी कॅन्टीनमध्ये घडत नाही, कट्ट्यावर घडत नाही. एसी खोलीत, पांढऱ्या बोर्डासमोर, शेजारच्याचं आडनावही माहीत नसताना घडते. वीस वर्षांनी त्यांच्यातलं कुणी लिहायला बसलं, तर पहिला सेट त्या खोलीचाच लावावा लागेल.