कवटीपासून लोण्यापर्यंत : पुण्यातल्या मानव-परिसरशास्त्राची पार्श्वभूमी

फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून काळविटांच्या कळपापर्यंत सरकत आणि फास लावत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीच्या मागे लागत. वैदूंचा भर सापळ्यांवर. मुंगूस, उदमांजर असली लहान जनावरं ते धरत. तिन्ही जमाती भटक्या, महाराष्ट्रातल्या त्याच गावांमधून फिरणाऱ्या, तरी एकीच्या शिकारीत दुसरीचा पाय फारसा येत नसे. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसोबत ही मांडणी केली आणि ती 1983 साली छापून आली. माणूस आणि त्याचा परिसर यांचं नातं पाहणारं हे मानव-परिसरशास्त्र. माणसांच्या डोक्यांची मापं घ्यायला शिकलेला मानवशास्त्रज्ञ त्यांची शिकार का मोजू लागला, याचं उत्तर बऱ्याच अंशी पुण्यात सापडतं.

सुरुवात डोक्यांपासूनच झाली. इरावती कर्वे (1905-1970) हुजूरपागेत शिकल्या, फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान घेतलं, मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र केलं आणि 1928 मध्ये बर्लिनला गेल्या. तिथे मार्गदर्शक होते जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. युरोपीय गोरे बुद्धीने वरचढ आणि ते त्यांच्या कवटीच्या असमान बाजूंवरून दिसतं, असा त्यांचा सिद्धांत. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि आकड्यांतून तसं काही निघत नाही असं प्रबंधात मांडलं. गुरूच्याच मापपट्टीने गुरूचं म्हणणं खोडायला काय लागतं, हे ज्यांनी पीएचडी केली आहे त्यांना सांगायला नको.

1939 मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. ह. धी. सांकलिया पुरातत्त्वाकडे आणि इरावतीबाई समाजशास्त्र-मानवशास्त्राकडे, अशी ही येरवड्याच्या बाजूची संस्था. गुजरातेतल्या लांघणजला सापडलेल्या अश्मयुगीन सांगाड्यांवर दोघांनी मिळून काम केलं. पण पुढच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा त्यांचा जातीबद्दलचा आग्रह आहे. एक समाज फुटत गेला आणि जाती झाल्या, हे घुर्यांचं म्हणणं त्यांनी मानलं नाही. वेगवेगळे गट आपापली वेगळीक राखत शेजारी शेजारी येऊन राहिले, असं त्या म्हणत. कुंभार घ्या. सगळ्यांना आपण कुंभारच म्हणतो, पण चाकाची घडण वेगळी आणि सोयरीकही होत नाही. 1968 मध्ये त्यांनी मल्होत्रांसोबत महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना छापली, तीही याच प्रश्नासाठी. गट मुळातच निराळे असतील तर ते एकाच रानावर, एकाच पाण्यावर शेजारी कसे जगले? इरावतीबाईंनी हा प्रश्न या शब्दांत विचारला नव्हता, पण माझ्या मते त्यांच्या मांडणीतून तोच पुढे येत होता.

बाहेरच्या जगात या प्रश्नाला भाषा मिळत होती. नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी 1956 मध्ये पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातले पठाण, कोहिस्तानी आणि गुजर यांच्याबद्दल लिहिलं : एकाच खोऱ्यात प्रत्येकाने आपलं परिसरातलं स्थान धरलं आहे. इकडे कोयना धरण झालं. खोऱ्यातली माणसं उठून सांगली, सोलापूर, ठाण्यापर्यंत विखुरली. इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी या विस्थापितांची पाहणी केली आणि 1969 मध्ये ती डेक्कन कॉलेजने छापली. धरणाने उठवलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे विचारायची पद्धत तेव्हा पडलेली नव्हती.

माधव गाडगीळ हे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचे चिरंजीव, आणि इरावतीबाई शेजारच्या. हार्वर्डहून 1971 मध्ये परतल्यावर गाडगीळ पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासोबत सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद करू लागले. देवराईत गेलं की झाडाबरोबर माणूस येतोच. राई कुणाची, कौल कोण लावतं, वाळकं लाकूड कोण नेतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गाडगीळ आणि मल्होत्रांचा गवळी धनगरांवरचा निबंध 1982 चा. मेंढ्या पाळणारे हटकर धनगर कोरड्या पठारावर, कारण सह्याद्रीच्या पावसात मेंढी तगत नाही. गवळी धनगर मात्र घाटमाथ्यावर म्हशी आणि गुरं घेऊन. खाली खोऱ्यात कुणबी भातखाचरं करणार, वर धनगर जनावरं राखून थोडी फिरती शेती करणार. दूध डोंगर उतरून नेईपर्यंत नासणार, म्हणून लोणी. लोणी खाली जाई, धान्य वर येई. पुढे जंगल तुटलं, खोऱ्यांत धरणं आली आणि हा व्यवहार मोडला. हे वाचलं की पानशेतच्या वरच्या धनगरवाड्याकडे नुसतं ‘ट्रेकच्या वाटेवरचं घर’ म्हणून पाहता येत नाही.

पुढे याच दोघांनी जातिव्यवस्थेलाच परिसराच्या अंगाने पाहिलं : जातींनी साधनं वाटून घेतल्याने स्पर्धा कमी झाली आणि साधनं जपली गेली. इथे मला अडखळायला होतं. वाटणी खरी, पण ती कुणी केली? वैदूने मुंगूस धरायचं आणि दुसऱ्याने जमीन कसायची, हे सामंजस्याने ठरलं असं म्हणणं फार सोयीचं आहे. पारध्यांना तर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छत्राखाली इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. सुटका झाली 1952 मध्ये. त्यानंतर वीस वर्षांत वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांचा फास पुन्हा गुन्ह्यात जमा झाला.

आज पुण्यात मानवशास्त्र शिकून या वाटेला जाणाऱ्याचं काम पुनर्वसनाच्या पाहण्यांत असतं, आदिवासी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी असतं, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर दाव्यांच्या कागदांतही असतं. गवळी धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणून त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या झापाचा, म्हणजे धनगराच्या झोपडीचा, असा पुरावा शोधायचा तर म्हाताऱ्यांना विचारावं लागतं : म्हशी कुठल्या पाणवठ्यावर जायच्या, आणि लोणी कुठल्या वाटेने खाली उतरायचं.