डेटाबेस अपवाद हाताळणी (पायथन)

डेटाबेसला दिलेले काम फसले की पायथनमधली डेटाबेस लायब्ररी एक्सेप्शन, म्हणजेच अपवाद, देते. कोणते अपवाद येऊ शकतात हे आधी ओळखून प्रत्येकाचे काय करायचे ते कोडमध्ये लिहून ठेवणे म्हणजे अपवाद हाताळणी.

लायब्ररी कोणतीही असो, अपवादांची नावे बहुधा तीच असतात. १९९९ सालच्या पेप २४९ या पायथनच्या दस्तऐवजाने, म्हणजे डीबी-एपीआय २.० ने, ती ठरवून दिली. मुळाशी ‘एरर’ हा क्लास, म्हणजे अपवादाचा प्रकार, आहे. त्याखाली ‘इंटरफेसएरर’ आणि ‘डेटाबेसएरर’ येतात. ‘डेटाबेसएरर’च्या पोटात सहा क्लास आहेत: डेटाएरर, ऑपरेशनलएरर, इंटिग्रिटीएरर, इंटर्नलएरर, प्रोग्रामिंगएरर आणि नॉटसपोर्टेडएरर. रोजच्या कामात गाठ पडते ती मुख्यतः ऑपरेशनल, इंटिग्रिटी आणि प्रोग्रामिंग या तिघांशी.

नावे सारखी असली तरी वागणूक सारखी नसते. नसलेल्या टेबलवर क्वेरी (डेटाबेसला केलेली मागणी) चालवली तर पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची सायकोपीजी२ ही लायब्ररी प्रोग्रामिंगएरर देते, पायथनसोबत येणारे एसक्यूलाइट३ मात्र ऑपरेशनलएरर. ‘डेटाबेस लॉक झाला आहे’ ही तक्रारही एसक्यूलाइट३ ऑपरेशनलएरर म्हणूनच कळवते. पहिल्या चुकीवर पुन्हा प्रयत्न करणे व्यर्थ, दुसरीवर बहुधा उपयोगी. म्हणून क्लासच्या नावावर विसंबू नये, एरर कोड पाहावा. सायकोपीजी२ मध्ये तो ‘पीजीकोड’मध्ये मिळतो, एसक्यूलाइट३ मध्ये पायथन ३.११ पासून कोड आणि त्याचे नाव दोन्ही अपवादासोबत येतात. संदेशातला मजकूर शोधून निर्णय घेणारे कोड सर्रास दिसते, पण ते टिकाऊ नाही: सर्व्हरची भाषा बदलली की मजकूरही बदलतो.

नवा सभासद नोंदवताना ई-मेल आधीच आहे का, हे सिलेक्टने (नोंदी वाचणारी आज्ञा) तपासून मग इन्सर्ट (नवी नोंद घालणे) करायची पद्धत सरळ वाटते. पण तपासणी आणि इन्सर्ट यांच्या मधल्या क्षणात दुसरी रिक्वेस्ट तोच ई-मेल टाकून मोकळी होऊ शकते. त्यापेक्षा कॉलमवर युनिक बंधन, म्हणजे तेच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम, घालावे, थेट इन्सर्ट करावे आणि इंटिग्रिटीएरर पकडावा. तो पकडल्यावरही घाई नको. रिकामा ठेवलेला सक्तीचा रकाना किंवा चुकीची फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीचा संदर्भ) यांनीही हाच अपवाद येतो, आणि मग वापरकर्त्याला ‘हा ई-मेल आधीच नोंदलेला आहे’ असे भलतेच उत्तर जाते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये युनिक बंधन मोडल्याचा कोड २३५०५ आहे, फॉरेन कीचा २३५०३. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दुबार नोंदीसाठी १०६२ येतो.

अपवाद पकडला म्हणून ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा स्टेटमेंटचा गट, सावरत नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एक स्टेटमेंट फसले की रोलबॅक (बदल रद्द) होईपर्यंत, किंवा आधी ठेवलेल्या सेव्हपॉइंटपर्यंत (ट्रान्झॅक्शनमधली परतण्याची खूण) मागे जाईपर्यंत, त्या ट्रान्झॅक्शनमधली पुढची स्टेटमेंट नाकारली जातात. लॉगमध्ये मग या नकाराचाच अपवाद वारंवार दिसतो आणि मूळ कारण शोधायला वर चढत जावे लागते. एसक्यूलाइट३ मध्ये कनेक्शन पायथनच्या ‘विथ’सोबत वापरले तर यश आल्यास कमिट (बदल पक्के करणे) आणि अपवाद आल्यास रोलबॅक आपोआप होतो, कनेक्शन मात्र बंद होत नाही, ते आपणच करायचे.

पुन्हा प्रयत्न करायचा तर तो संपूर्ण ट्रान्झॅक्शनचा, फक्त शेवटच्या स्टेटमेंटचा नव्हे. पोस्टग्रेसक्यूएलचा ४०००१ (सिरियलायझेशन अपयश, म्हणजे एकाच वेळी चाललेल्या ट्रान्झॅक्शनचा मेळ न बसणे) किंवा मायएसक्यूएलचा १२१३ (डेडलॉक, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट पाहत अडकणे) आल्यास थोडे थांबून, मोजक्याच वेळा, सुरुवातीपासून चालवावे. सर्वांत अवघड प्रसंग कमिटच्या वेळी कनेक्शन तुटण्याचा. नोंद पक्की झाली की नाही हे अपवादावरून कळतच नाही. पैशांच्या व्यवहारात म्हणूनच प्रत्येक विनंतीला स्वतःचा युनिक क्रमांक देतात; तीच विनंती पुन्हा पाठवली तरी रक्कम दोनदा वळती होत नाही.

एसक्यूएलअल्केमी (डेटाबेससाठीची लायब्ररी) आणि जँगो (वेबसाइट बांधायची चौकट) या पायथनच्या साधनांमध्ये लायब्ररीचा मूळ अपवाद त्यांच्या स्वतःच्या क्लासमध्ये गुंडाळून येतो. एसक्यूएलअल्केमीत मूळ अपवाद ‘ओरिग’ या गुणधर्मात सापडतो. जँगोत ‘अॅटॉमिक’ ब्लॉकच्या (ज्यातला कोड एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो) आत इंटिग्रिटीएरर पकडून तिथेच पुढची क्वेरी चालवली तर ट्रान्झॅक्शनमॅनेजमेंटएरर येतो, म्हणून अपवाद पकडणारे ‘ट्राय’ त्या ब्लॉकच्या बाहेर लिहितात.