अधिस्वीकृत बातमीदाराचा संदेश

देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा काही वर्षांतच रद्द झाला. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा मात्र आजही लागू आहे. फोन टॅपिंगचा आधार १८८५ च्या तार कायद्यात होता आणि त्यातील कलम ५(२) ला १९७२ च्या दुरुस्तीने जे रूप आले, त्यात वार्ताहरांसाठी एक अपवाद होता: सरकारमान्य, म्हणजे अधिस्वीकृत, बातमीदाराचा भारतात प्रसिद्ध व्हायचा संदेश अडवता किंवा मधेच वाचता येणार नाही, अर्थात त्यावर रीतसर बंदी नसेल तर.

खरी मेख 'अधिस्वीकृत' या शब्दात आहे. मुंबईत मंत्रालयाच्या फाटकावर जी अधिस्वीकृती पत्रिका दाखवली जाते ती सरकारच देते, म्हणजे ज्याच्यावर बातमी करायची तोच बातमीदार कोण हे ठरवतो. मुक्त पत्रकाराच्या किंवा उपनगरातील छोट्या साप्ताहिकाच्या वार्ताहराच्या खिशात ती बहुधा नसते. शिवाय संरक्षण आहे ते छापायच्या मजकुराला. फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे हे रात्री फोनवर दबक्या आवाजात सांगणाऱ्या कारकुनाला नाही. २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण हा अपवाद २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही जवळपास त्याच शब्दांत उतरला.

टॅपिंग हा खासगीपणावरचा घाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. आदेशाचा अधिकार गृहसचिवांकडे आणि फेरतपासणी सचिवांच्याच समितीकडे राहिली. लाचखोरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सार्वजनिक सुरक्षेचे कारण दिसत नाही म्हणून टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. तेथे निदान खटला उभा राहिला होता, म्हणून टॅपिंग उघड झाले. एरवी फोन ऐकला गेल्याचे संबंधिताला कळवण्याची तरतूदच नाही, आणि कामकाजासाठी गरज नसलेल्या नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करण्याचा नियम आहे.

दरम्यान कागद मिळवण्याची वाटही अरुंद झाली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येत असे. विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ती अट काढून सरसकट सूट ठेवली. कलम ८(२) मध्ये जनहिताचा तोल शिल्लक आहे, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नाही, पण ती माहिती 'देता येईल' असे ते कलम म्हणते, आणि द्यायची की नाही हे ठरवणारा अधिकारी त्याच कार्यालयातला असतो.