घरगुती क्रस्ट (पाय, पिझ्झा आणि पाव)

पाय (pie, म्हणजे पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ) किंवा पिझ्झा यांचे पिठाचे आवरण, तसेच पावाची भाजलेली बाहेरची बाजू यांना क्रस्ट म्हणतात. मैदा, पाणी, मीठ, लोणी किंवा तेल आणि पाव-पिझ्झासाठी यीस्ट एवढ्या साहित्यात ते घरी करता येते. पायचे क्रस्ट खुसखुशीत व्हावे लागते, तर पिझ्झाचे चिवट. हा फरक ग्लूटेनमुळे पडतो. गव्हातील ग्लूटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिने भिजवून मळली की एकमेकांत गुंततात आणि त्यांचे ताणले जाणारे जाळे तयार होते. पुरणपोळीची कणीक तिंबतात ती याच जाळ्यासाठी. पाव आणि पिझ्झा त्यावरच उभे राहतात. पायमध्ये मात्र ते वाढू द्यायचे नसते.

ते रोखायचे काम लोणी करते. शंकरपाळ्यांतील मोहन आणि करंजीतील साटा ज्यांच्या हाताला ठाऊक आहेत, त्यांना पाय अवघड जाऊ नये. फरक एवढाच की मोहन कडकडीत घालतात आणि पायसाठी लोणी थंडगार लागते. थंड लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे मैद्यात तसेच राहतात. भट्टीत त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. तुपात पाणी जवळजवळ नसल्याने तुपातले क्रस्ट नानकटाईसारखे भुसभुशीत होते. चवीला ते उत्तमच, पण त्याला पापुद्रे नसतात. वजनाने 3 भाग मैदा, 2 भाग लोणी आणि 1 भाग बर्फाचे पाणी हे जुने, भरवशाचे प्रमाण आहे. बाजारचे टेबल बटर खारट असते, त्यामुळे ते वापरताना वेगळे मीठ घालू नये.

लोणी साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा 38 च्या पुढे जातो, म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे. रात्रभर निवलेला कडाप्प्याचा ओटा लाटायला फार चांगला. मैदा आणि लाटणेही आधी फ्रिजमध्ये ठेवावे. गोळा मळू नये, फक्त एकत्र आणावा आणि अर्धा तास थंड होऊ द्यावा. सारण ओले असेल तर पारी आधी रिकामीच भाजतात: तिला काट्याने टोचे मारून वर बटर पेपर आणि कच्चा राजमा पसरतात, म्हणजे ती फुगत नाही.

गिरणीतून दळून आणलेल्या पिठातला कोंडा ग्लूटेनचे जाळे तोडतो आणि ते पीठ पाणीही जास्त पिते. पावासाठी त्यात निम्मा मैदा मिसळावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस 2971 हे खपली गव्हाचे वाण विकसित केले आहे; खपलीचे ग्लूटेन दुबळे असल्याने तिचा पाव नीट फुगत नाही, पण पायला ती शोभते.

नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत 430 ते 480 अंशांवर पिझ्झा दीड मिनिटाच्या आत होतो. घरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) बहुधा 250 अंशांवर थांबतो, त्यामुळे भाजायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बेस वाळतो. म्हणून पीठ सैल ठेवावे: 500 ग्रॅम मैद्याला 325 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, चमचाभर तेल आणि चिमूटभर यीस्ट. रात्रभर फ्रिजमध्ये अंबवलेल्या पिठाला चव येते आणि रंगही. बिडाचा तवा पालथा घालून अर्धा तास तापवावा आणि त्यावर पिझ्झा सरकवावा. तयार बेस आणण्यापेक्षा ही खटपट केव्हाही सार्थकी लागते. यीस्टसाठी पाणी कोमट असावे, कडकडीत पाण्यात ते मरते. डिसेंबरच्या थंडीत पीठ फुगायला मे महिन्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, तेव्हा घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

पावाला पहिली 10 मिनिटे वाफ द्यावी. भट्टीच्या तळाशी तापलेल्या ताटलीत उकळते पाणी ओतले तरी पुरते. वाफेमुळे बाहेरची बाजू लवकर कडक होत नाही, पाव मोकळा फुगतो आणि वरच्या पिष्टाला तकाकी येते. भाजून झाल्यावर तो जाळीवर निववावा. ताटात ठेवला तर खालून ओलावतो. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने क्रस्ट काही तासांतच मऊ पडते. अशा वेळी पाव 180 अंशांवर 5 ते 7 मिनिटे पुन्हा तापवला की ते कुरकुरीत होते.